मोबाइलचा माल भाजीसारखा असतो

भोसरीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात भरणारी) आणि चौदा माणसं. पंधरा वर्षं गाड्यांच्या आतल्या क्लिपा आणि वायर होल्डर बनवतोय. आता मोबाइलचे चार्जर बनवणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा आली आहे. चार्जरची पांढरी बॉडी आणि झाकण, महिन्याला 3 लाख सेट, सेटला 7 रुपये, पेमेंट 90 दिवसांनी. दोन नवीन मशीन आणि मोल्ड मिळून 1 कोटी 35 लाख लागतील, त्यासाठी बँक राहता फ्लॅट तारण मागते. बायको नको म्हणते. तिचं म्हणणं, मोबाइलवाल्या कंपन्या आज आहेत, उद्या नाहीत. मला वाटतं, देशात एवढे फोन बनतात, तर काम कमी कसं पडेल? या धंद्यात कंपनी कशावर चालते आणि कशानं बसते ते सांगा, मग मी ठरवतो."

नमस्कार. मी बावीस वर्षं खरेदी विभागात होते, त्यातली निम्म्याहून जास्त मोबाइलच्या सुट्या भागांसाठी. तुमच्यासारख्या वर्कशॉपना ऑर्डर देणं माझं काम होतं, आणि ऑर्डर बंद झाल्याचं कळवणंही माझंच.

तुमचं म्हणणं आकड्यांना धरून आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे 2014-15 मध्ये देशात सुमारे 18 हजार कोटींचे फोन बनत होते, 2024-25 मध्ये ते 5 लाख 45 हजार कोटींवर गेले. काम आहे, ते कमी पडणार नाही. पण देशात फोन बनत राहतील का, हा एक प्रश्न झाला. तुमच्या मशीनवर तोच चार्जर पाच वर्षं चालेल का, हा दुसरा. कर्ज तुम्ही पाच वर्षांचं घेणार असं धरते. गाडीची क्लिप सात-आठ वर्षं चालते आणि गाडी बंद झाली तरी स्पेअरसाठी मागणी येत राहते. माझ्या अनुभवात फोनचं मॉडेल वर्ष-दीड वर्ष टिकलं तर खूप. चार्जरचं थोडं जास्त टिकतं, पण त्याचं आयुष्य फोनवाल्याच्या मर्जीवर.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत आले. फोन हा मार्केट यार्डातल्या भाजीसारखा माल आहे. सकाळी भाव असतो, दुपारी उतरतो, संध्याकाळी उचलायला गिऱ्हाईक नसतं. या धंद्यात ज्याच्या गोदामात माल पडून राहिला तो बुडतो, मग तो कितीही मोठा असो.

मायक्रोमॅक्सचं आठवा. 2014 च्या सुमारास ही आपली देशी कंपनी सॅमसंगला टक्कर देत होती. एका तिमाहीत तर काही संस्थांच्या मोजणीत ती पुढेही गेली होती. तालुक्याच्या गावातल्या दुकानातही तिचा फोन मिळायचा. मग 2016 च्या सप्टेंबरात जिओचं 4जी आलं आणि लोक दुकानात जाऊन विचारू लागले, "यात जिओ चालतं का?" देशी कंपन्यांची दुकानं आणि गोदामं तेव्हा 3जी फोननी भरलेली. दोन महिन्यांत नोटबंदी झाली आणि गावोगावची रोखीची खरेदी थंडावली. त्याच काळात शाओमी, व्हिवो, ओप्पो 4जी फोन घेऊन उभे होते. मायक्रोमॅक्सचे बहुतेक फोन चीनमधून तयार डिझाइनवर येत होते, त्यामुळे वारं फिरल्यावर स्वतः झटकन नवं काही काढण्याची ताकद तिच्याकडे कमी होती. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायलं की असं होतं. तंत्रज्ञान बदलणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कधी बदलेल आणि त्या दिवशी आपल्याकडे किती माल असेल, यावर सगळं ठरतं.

वेळेचं दुसरं उदाहरण एरिक्सनचं. मी नव्या मुलांना ते नेहमी सांगायचे. 17 मार्च 2000 ला अमेरिकेत आल्बुकर्कला फिलिप्सच्या चिपच्या कारखान्यात वीज पडल्यामुळे आग लागली. दहा मिनिटांत ती विझली. पण चिप जिथे बनतात त्या स्वच्छ खोल्यांत धूर आणि काजळी शिरली आणि लाखो फोनना पुरतील एवढ्या चिप वाया गेल्या. त्या चिप नोकिया आणि एरिक्सन दोघंही घेत होते. फिलिप्सनं दोघांना सांगितलं, आठवडाभर उशीर होईल. नोकियानं त्या भागांवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली. आठवड्यानं भागणार नाही हे ताडून फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांतली जागा मिळवली आणि काही चिपसाठी दुसरे पुरवठादार गाठले. एरिक्सननं फोनवरचं ऐकून घेतलं आणि वाट पाहिली. त्यांच्याकडे त्या भागांना दुसरा पुरवठादारच नव्हता. नुकसान 40 कोटी डॉलरच्या आसपास गेलं आणि पुढच्या वर्षी एरिक्सननं आपला फोनचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत घातला. आग दोघांना सारखीच लागली होती.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की उद्या तुमच्या चार्जरचं काम थांबलं, तर ते बहुधा तुमच्या बॉडीमुळे थांबणार नाही. आतली एखादी चिप तैवानहून किंवा चीनहून आलेली नसेल, म्हणून तुमच्या 3 लाख सेटचे 80 हजार होतील. त्या महिन्याचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागेल.

आणि चार्जरच का राहील? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आयफोन 12 आला तेव्हा अॅपलनं डब्यातून चार्जरच काढून टाकला. डबा लहान झाला आणि एका पॅलेटवर 70 टक्के जास्त डबे बसू लागले. तीन महिन्यांनी सॅमसंगनं गॅलेक्सी एस21 बरोबर तेच केलं. कुठल्या तरी बैठकीत कोणीतरी एक ओळ खोडली आणि चार्जरची मागणी बदलली. युरोपानं 28 डिसेंबर 2024 पासून फोनना यूएसबी सी सक्तीचं केलं. आता चार्जरच्या तोंडाचं जुनं रुंद चौकोनी भोक जाऊन लहान लंबगोल भोक येत चाललं आहे. तुम्ही मोल्डवाले आहात, तेव्हा एक गोष्ट आत्ताच पक्की करा: भोकाचा भाग मोल्डमध्ये वेगळा इन्सर्ट, म्हणजे काढून बदलता येणारा तुकडा म्हणून करून घ्या. पोर्ट बदलला तर इन्सर्ट बदलेल, अख्खा मोल्ड भंगारात जाणार नाही.

आता नफा. फोन जोडणाऱ्या कंपन्यांची उलाढाल बघून डोळे दिपतात. डिक्सन ही आपल्याकडची मोठी कंपनी, तिची 2024-25 ची उलाढाल 38 हजार कोटींच्या वर होती. पण व्याज, घसारा आणि कर जाण्याआधीचा नफा शंभर रुपयांमागे चारच्या आसपास. 2020 ला सरकारनं उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली, तिचा दर वाढीव विक्रीवर 4 ते 6 टक्के होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, म्हणजे सरकारी धोरण या धंद्यात किती वजनदार आहे ते कळेल. आयात शुल्काचंही तसंच. 2018 मध्ये फोनवर 20 टक्के शुल्क लागलं, 2024 च्या जुलैत ते 15 वर आलं, चार्जरवरचंही तेव्हाच 15 वर आलं. बजेटच्या भाषणातल्या एका वाक्यानं बाहेरचा चार्जर तुमच्याहून स्वस्त होऊ शकतो. त्यावर तुमचा इलाज नाही, म्हणून मी तिथे जास्त थांबत नाही.

तुमच्या हातात आहे ते यील्ड, म्हणजे बनवलेल्या शंभर नगांतले किती पास होतात ते. याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्याचा एक शब्दही नाही.

तुमच्या क्लिपा काळ्या असतात आणि डॅशबोर्डच्या मागे बसतात. क्लिप बसली आणि तुटली नाही की पास. चार्जरची बॉडी पांढरी आणि चकचकीत. गिऱ्हाईक डबा उघडतं आणि ती हातात घेऊन फिरवून बघतं. कंपनीच्या इन्स्पेक्शनला मी कितीतरी वेळा बसले आहे. पांढऱ्या दिव्याखाली टेबल असतं आणि मुलगी नग हातभर अंतरावर धरून काही सेकंद फिरवते. तिला तीन गोष्टी दिसतात: काळा ठिपका, कडेला आलेला फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या प्लास्टिकची पातळ पाती, आणि जाड भागाच्या मागे पडलेला खळगा. यात सगळ्यात जास्त नग जातात ते काळ्या ठिपक्यांमुळे. मशीनच्या ज्या बॅरलमधून, म्हणजे तापत्या नळीतून, पंधरा वर्षं प्लास्टिकचा काळा दाणा गेलाय, त्याच्या स्क्रूला जळकं मटेरियल चिकटलेलं असतं. तुम्ही कितीही पर्जिंग करा, म्हणजे नवा दाणा ढकलून बॅरल धुऊन काढा, तिसऱ्या दिवशी एक कण सुटतो आणि पांढऱ्या बॉडीवर बसतो. पांढऱ्या कामाला बॅरल, स्क्रू, हॉपर, ग्राइंडर सगळं वेगळं लागतं, आणि शक्य असेल तर खोलीसुद्धा वेगळी.

दुसरं, चार्जरचा दाणा आग न धरणाऱ्या ग्रेडचा पॉलिकार्बोनेट असतो. तो ओल धरतो. 120 अंशांवर तीन-चार तास वाळवल्याशिवाय टाकला तर नगावर चंदेरी रेघा उठतात आणि बॉडी ठिसूळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये भोसरीची हवा कशी असते ते तुम्ही मला सांगायला नको. पोतं फोडून दुपारपर्यंत उघडं राहिलं तर संध्याकाळच्या पाळीचा माल गेला. या बॉडीच्या आत 230 व्होल्ट खेळतात. म्हणून चार्जरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी आहे आणि मंजूर झालेला ग्रेड परस्पर बदलता येत नाही. कोणी "तसाच दाणा स्वस्तात देतो" म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सॅमसंगचं नोट 7 तुम्हाला आठवत असेल. 2016 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलं, सप्टेंबरात सुमारे 25 लाख फोन परत मागवले, ऑक्टोबरात मॉडेलच बंद. पुढे तपासात कळलं की बॅटरीचे पुरवठादार दोन होते आणि दोघांच्या बॅटरीत दोन वेगळे दोष. एकाच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकलेला, दुसऱ्याच्या वेल्डिंगला टोकं राहिलेली. आतल्या एवढ्याशा वेल्डिंगपायी अख्खं मॉडेल गेलं.

आता हिशेब मांडा. तुमच्या नगाचे पाच टप्पे आहेत असं धरा: मोल्डिंग, गेट कापणं, छपाई, पॅकिंग आणि त्यांच्याकडचं अल्ट्रासॉनिक वेल्डिंग (झाकण बॉडीला जोडणं). प्रत्येक टप्प्याला शंभरातले 98 पास झाले तरी शेवटी हातात 90 राहतात. 3 लाख सेटमधले 30 हजार गेले, म्हणजे 2 लाख 10 हजार रुपये. साडेदहा टक्क्यांनी 1 कोटी 35 लाख पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला 2 लाख 90 हजारांच्या आसपास येतो. हे दोन आकडे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आता 90 दिवसांचं. महिन्याला 21 लाखांचा माल, म्हणजे कोणत्याही क्षणी तुमचे 63 लाख त्यांच्याकडे. त्यावरचा 18 टक्के जीएसटी तुम्हाला पुढच्या महिन्यात भरायचा आहे, पैसे आलेले असोत वा नसोत. दाणेवाला तुम्हाला 90 दिवस देणार आहे का? नसेल तर हे दुसरं कर्ज आहे आणि ते तुमच्या 1 कोटी 35 लाखांत धरलेलं नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेलच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. धंद्यात कोणी गिऱ्हाइकावर केस करत नाही हे मला माहीत आहे. पण करार होण्याआधी हे बोलता येतं, आणि बोलावं. त्यांची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर त्यांना ट्रेड्स या बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणी बंधनकारक आहे. तिथे तुमचं बिल त्यांनी मान्य केलं की बँक तुम्हाला आधी पैसे देते. ते याला तयार नसतील तर का नाहीत, हे विचारा.

आता माझी एक गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिनं एका फोनचं लाल रंगाचं मॉडेल अचानक बंद केलं. विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नव्हती. मागची कव्हरं पुरवणाऱ्या गृहस्थांनी आम्ही दिलेल्या पुढच्या मागणीच्या अंदाजावर विसंबून पुढच्या सहा आठवड्यांचा माल तयार करून ठेवला होता. ऑर्डर बंदची मेल मी पाठवली. नंतर त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा पोटमाळ्यावर पेट्या रचलेल्या होत्या, 38 हजार लाल कव्हरं. त्यांनी मला चहा दिला आणि एका शब्दानंही काही बोलले नाहीत. करारात "अंदाज" आणि "ऑर्डर" यांतला फरक लिहिलेला नव्हता, त्यामुळे मला त्यांना एक रुपयाही मिळवून देता आला नाही. त्या पेट्या अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून तुमच्या करारात हे लिहून घ्या: त्यांनी दिलेल्या अंदाजावर तुम्ही बनवलेला चार आठवड्यांचा तयार माल आणि आठ आठवड्यांचा दाणा, मॉडेल बंद झालं तरी ते उचलतील. दाण्याचा भाव वर-खाली झाला तर दर बदलेल. आणि मोल्डचे पैसे ते देतील. मोल्ड त्यांचा, सांभाळ तुमचा. जो मोल्डमध्ये पैसे घालतो तो सहजासहजी दुसरीकडे जात नाही.

माणसांचंही सांगून ठेवते. 2020 च्या डिसेंबरात कर्नाटकात नरसापूरला विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला आणि अॅपलनं सुधारणा होईपर्यंत त्यांना नवं काम देणं थांबवलं. 2023 मध्ये तो कारखाना टाटांकडे गेला. मोठ्या कंपन्यांचं ऑडिट आता तुमच्यासारख्यांपर्यंत पोचतं. ओव्हरटाइमचं रजिस्टर आणि ईएसआयच्या पावत्या नीट लावून ठेवा.

वहिनींच्या म्हणण्याकडे येते. "आज आहेत, उद्या नाहीत" याला पुरावे आहेत. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा प्रचंड कारखाना होता, 2006 ला सुरू झाला आणि कराच्या वादात अडकून 2014 च्या नोव्हेंबरात बंद पडला. हजारो माणसं घरी गेली. 2019 मध्ये ती जागा साल्कॉम्पनं घेतली, तेही चार्जरसाठीच. आपल्या महाराष्ट्रात 2015 मध्ये फोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनचा 5 अब्ज डॉलरचा करार झाला होता, 2020 च्या जानेवारीत तो बारगळल्याचं राज्य सरकारनं सांगितलं. रांजणगावला एलजीच्या कारखान्यात एकेकाळी फोन बनत. 2021 मध्ये सलग 23 तिमाही तोटा सोसून एलजीनं जगभरातला फोनचा धंदा बंद केला. पण एलजी बुडाली नाही, कारण तिच्याकडे फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन होते.

तुमच्या काळ्या क्लिपा हे तुमचे फ्रिज आहेत. त्यांना हात लावू नका.

माझं मत स्पष्ट सांगते. काम घ्या, पण या अटींवर नको. फ्लॅट तारण ठेवू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसईची हमी योजना आहे, 2025 च्या एप्रिलपासून तिची मर्यादा 10 कोटींपर्यंत गेली आहे. त्यात तारण लागत नाही, हमीचं शुल्क भरावं लागतं. शाखेतला साहेब टाळाटाळ करेल, त्याला फ्लॅट सोपा वाटतो. दुसऱ्या बँकेत जा. पहिलं वर्षभर दोन मशीनऐवजी एकच घ्या आणि जॉबवर्क करा, म्हणजे मोल्ड त्यांचा, दाणा त्यांचा, मशीन आणि हात तुमचे. सेटमागे पैसे कमी मिळतील, पण गोदामात पडून राहिलेला माल तुमचा नसेल. वर्षभरात यील्ड 97 च्या वर स्थिर झालं आणि दुसरा चार्जरवाला विचारायला आला, तर दुसऱ्या मशीनचं बोलू.

कंपनीला उत्तर देण्याआधी एक काम करा. तुमच्यातलं सगळ्यात नवं मशीन दोन दिवस रिकामं करा. स्क्रू बाहेर काढून तारेच्या ब्रशनं घासा, पांढरा दाणा नीट वाळवा आणि जवळचा कुठलाही लहान मोल्ड लावून पाचशे नग पाडा. ते पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पसरा आणि वहिनींना शेजारी बसवून काळे ठिपके असलेले नग वेगळे काढा. किती निघाले तो आकडा मला कळवा.